पार्क जी-सुंग नुसता पळत नव्हता

दक्षिण कोरियातल्या फुटबॉलप्रेमींना एक वाद वर्षानुवर्षे पुरला आहे. देशाचा आजवरचा सर्वांत मोठा फुटबॉलपटू कोण? नावे तीनच. चा बुम-कुन यांनी पश्चिम जर्मनीच्या बुंडेसलिगात ९८ गोल केले आणि फ्रँकफर्ट व लेव्हरकुसेन अशा दोन क्लबांकडून यूएफा कप जिंकला. सोन ह्युंग-मिनने २०२१-२२ च्या प्रीमियर लीगमध्ये २३ गोल करून मोहम्मद सलाहच्या जोडीने सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. तिसरे नाव पार्क जी-सुंगचे. त्याची बाजू मांडणारे पदकांपासून सुरुवात करतात आणि मेहनतीपाशी येऊन थांबतात. मँचेस्टर युनायटेडबरोबर चार लीग विजेतेपदे, एक चॅम्पियन्स लीग, आणि थकवा ठाऊक नसलेले पाय. ‘तीन फुप्फुसांचा पार्क’ हे त्याचे टोपणनाव तर जगभर पोहोचले. त्याचे चाहते ते कौतुकाने घेतात, पण माझ्या मते याच कौतुकाने त्याचे सर्वाधिक नुकसान केले. पार्क भरपूर पळायचा हे खरेच. तसे पळणारे खेळाडू त्या काळी इंग्लंडच्या प्रत्येक संघात होते. त्यांच्यापैकी किती जणांवर युनायटेडचे तेव्हाचे मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन यांनी युरोपातल्या अवघड रात्री सोपवल्या असत्या? केव्हा पळायचे, कुणाकडे पळायचे आणि कुठे अजिबात पळायचे नाही, हे पार्कला इतरांपेक्षा लवकर उमजत असे. तो बुद्धीने खेळणारा मिडफिल्डर होता. त्याची हजेरी मात्र कायम कष्टकऱ्यांच्या रांगेत लागली.

पुराव्यासाठी एकच सामना निवडायचा झाला, तर १० मार्च २०१० चा. चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत युनायटेडची गाठ एसी मिलानशी होती. सॅन सिरोवरचा पहिला सामना युनायटेडने ३-२ असा जिंकला होता आणि ओल्ड ट्रॅफर्डवर परतीची लढत होती. मिलानचा सगळा खेळ आंद्रेआ पिर्लोच्या पायांतून निघायचा. बचावफळीच्या पुढ्यात उभे राहायचे, चेंडू मागून घ्यायचा, मान वर करून पाहायचे आणि तीस-चाळीस यार्डांवरच्या सहकाऱ्याच्या पायाशी तो अलगद ठेवायचा, ही त्याची रीत. फर्ग्युसन यांनी एरवी बगलेवर खेळणाऱ्या पार्कला मधोमध, वेन रूनीच्या मागे आणले आणि पिर्लोची जबाबदारी त्याच्याकडे दिली. हे काम पाठलागाचे वाटते, पण निव्वळ पाठलाग करणाऱ्याला पिर्लोसारखा खेळाडू दोन मिनिटांत चकवतो. तो पाठलाग करणाऱ्याला बरोबर घेऊन बाजूला सरकतो आणि मोकळी झालेली जागा दुसऱ्याला देतो. पार्क त्याला चिकटून राहिला नाही. मिलानच्या बचावपटूकडे चेंडू असताना तो बचावपटू आणि पिर्लो यांच्यामधल्या रेषेवर उभा राहायचा, म्हणजे पास देण्याची वाटच बंद. बचावपटूला नाइलाजाने चेंडू बाजूच्या फुलबॅककडे द्यावा लागे आणि मिलानची चाल कडेला जाऊन अडके. पिर्लोला चेंडू मिळालाच, तर पार्क त्याच्या अंगावर धावून जात नसे. दीड-दोन पावलांवर थांबून तो त्याला गोलकडे पाठ करायला लावायचा. मान वर करून पाहायलाच मिळाले नाही, तर पिर्लो अर्धा उरतो.

या डावाची दुसरी बाजू सहसा कुणी बोलून दाखवत नाही. युनायटेडकडे चेंडू आला की तीच जोडी उलटी फिरायची. आता पार्क पुढे सुटायचा, आणि त्याच्यामागे धावायचे की आपली जागा धरायची, हे पिर्लोला ठरवावे लागायचे. बचाव हा पिर्लोचा प्रांत कधीच नव्हता, त्यामुळे पार्क वारंवार मोकळा सापडत राहिला. एकोणसाठाव्या मिनिटाला पॉल स्कोल्सच्या पासवर त्याने बचावफळीच्या मागे शिरून जमिनीलगतचा फटका दूरच्या कोपऱ्यात मारला. युनायटेडने सामना ४-० असा जिंकला आणि एकूण गोलसंख्या ७-२ झाली. दुसऱ्या दिवशी चर्चा होती ती रूनीच्या दोन गोलांची, आणि त्याहून अधिक डेव्हिड बेकहॅमची. मिलानकडून जुन्या घरी परतलेल्या बेकहॅमने सामना संपल्यावर मालक ग्लेझर कुटुंबाच्या निषेधाचा हिरवा-सोनेरी स्कार्फ गळ्यात घातला होता. बातमी म्हणून तो स्कार्फ मोठा होता, हे मान्य करायलाच हवे. पण सामना कुठे जिंकला गेला असे विचाराल, तर पिर्लोच्या भोवतालच्या दहा यार्डांत.

या कामाची नोंद होत नाही, ही फुटबॉलची जुनी अडचण आहे. आपल्याकडे एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्टलेगला बॅटच्या टोकाशी उभा राहायचा. त्याने २७ कसोटींत ५३ झेल घेतले आणि बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर, वेंकटराघवन यांच्या बळींत त्याचा वाटा धावफलकावर कायमचा छापला गेला. झेलबाद झालेल्या फलंदाजापुढे गोलंदाजाच्या आधी क्षेत्ररक्षकाचे नाव येते, एवढे औदार्य क्रिकेटच्या धावफलकात आहे. फुटबॉलच्या निकालपत्रात फार तर गोल करणारा आणि त्याला पास देणारा असतो. जो पास दिलाच गेला नाही, कारण वाटेत पार्क उभा होता, तो कुठल्या रकान्यात लिहायचा? हल्ली आकडेवारीची साधने पुष्कळ सुधारली आहेत. धावलेले अंतर, हिसकावलेले चेंडू, दडपणाखाली दिलेले पास, सगळे मोजले जाते. तरी न घडलेली गोष्ट मोजणे अजून कुणाला फारसे जमलेले नाही. आणि गंमत अशी की धावलेले अंतर सर्वांत सहज मोजता येते, म्हणून पार्कसारख्याचे कौतुक पुन्हा त्याच किलोमीटरांत अडकते. जागा चुकलेला खेळाडूही किलोमीटर भरपूर कापतो, बहुधा जास्तच.

त्यामुळे पार्कचे मोल ठरवताना मला मॅनेजरची निवड हा अधिक विश्वासार्ह पुरावा वाटतो. २००५ ते २०१२ या सात हंगामांत तो युनायटेडकडून २०५ सामने खेळला आणि त्याने २७ गोल केले. सरासरी काढली तर हंगामाला तीसही सामने भरत नाहीत, म्हणजे तो ठरलेल्या अकरा जणांतला नव्हता. पण ते सामने कोणते होते ते पाहावे. २७ पैकी ५ गोल आर्सेनलविरुद्ध आहेत: एप्रिल २००६, मे २००९, जानेवारी २०१०, डिसेंबर २०१० आणि ऑगस्ट २०११. मार्च २०१० मध्ये लिव्हरपूलविरुद्धचा विजयी गोल त्याने झेपावून, डोक्याने केला. एप्रिल २०११ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत दिदिए ड्रोग्बाने चेल्सीला बरोबरी साधून दिली आणि खेळ पुन्हा सुरू होताच पार्कने गोल करून चेल्सीचा प्रश्न मिटवला. त्यानंतर महिन्याभरात, ८ मे रोजी, त्याच चेल्सीविरुद्ध लीग विजेतेपद जवळपास ठरवणारा सामना झाला. त्यात अवघ्या ३६ व्या सेकंदाला हाविएर एर्नांडेझने गोल केला, तो पार्कच्या पासवर. दुबळ्या संघांना धुवायचे असे तेव्हा फर्ग्युसन यांच्याकडे नानी होता, इतरही होते. समोरचा संघ तोलामोलाचा असला की पार्कचे नाव कागदावर यायचे. फर्ग्युसन भावनेच्या भरात संघ निवडणारे गृहस्थ नव्हते.

५ मे २००९ ची एमिरेट्स स्टेडियमवरची उपांत्य लढतही अशीच. आठव्या मिनिटाला आर्सेनलचा तरुण बचावपटू किएरन गिब्ज घसरला आणि पार्कने गोल केला. तो लक्षात राहतो. मला मात्र तिसरा गोल अधिक बोलका वाटतो. तो क्रिस्तियानो रोनाल्डोच्या खात्यावर आहे आणि आजही त्याच्या सर्वोत्तम गोलांच्या फितींत दाखवला जातो. आर्सेनलचा हल्ला युनायटेडच्या पेनल्टी क्षेत्राजवळ मोडला, रोनाल्डोने टाचेने चेंडू पार्ककडे दिला आणि स्वतः सुसाट सुटला. पार्कने तो घेतला, थोडा पुढे नेला, डावीकडून धावणाऱ्या रूनीला दिला आणि रूनीच्या पासवर रोनाल्डोने काम संपवले. या साखळीत पार्कचा वाटा काही सेकंदांचा आणि मोजक्या स्पर्शांचा. पण पास लगेच सोडला असता तर रूनी अजून वेग धरत होता, आणि एक स्पर्श जास्त घेतला असता तर आर्सेनलचे मिडफिल्डर परत पोहोचले असते. प्रतिहल्ल्यात हा हिशेब धावता धावता करावा लागतो. तो ज्याला जमतो त्याला आपण कष्टाळू म्हणून मोकळे होतो, हे अजब आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप मॉस्कोचा. २००८ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये रोमाविरुद्धचे उपांत्यपूर्व फेरीचे दोन आणि बार्सिलोनाविरुद्धचे उपांत्य फेरीचे दोन, असे चारही सामने पार्क सुरुवातीपासून खेळला. या चार सामन्यांत युनायटेडवर एकही गोल झाला नाही. आणि २१ मे रोजी चेल्सीविरुद्धच्या मॉस्कोतल्या अंतिम सामन्यात तो अकरांत तर नव्हताच, राखीव खेळाडूंतही नव्हता. सूट घालून त्याला सामना पाहावा लागला. पार्कची समज इतकी मोलाची होती, तर सर्वांत मोठ्या रात्री फर्ग्युसन यांनाच ती का दिसली नाही? शिवाय ओवेन हार्ग्रीव्ह्जला उजवीकडे खेळवून त्यांनी सामना जिंकलाही, म्हणजे निर्णय बरोबरच ठरला, असे म्हणता येते. यावर माझे उत्तर असे की तो सामना १-१ असा सुटला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये जॉन टेरीचा पाय घसरल्यामुळे वाचला. तेवढ्यावरून निवड बरोबर ठरत नाही आणि चूकही ठरत नाही. फर्ग्युसन यांनी स्वतः पुढे या निर्णयाबद्दल खंत व्यक्त केली आहे. मला यात एक वेगळीच गोष्ट दिसते. संघ कुणाभोवती उभा करायचा आणि कुणाला वगळले तर चालेल, हा प्रश्न आला की ज्याचे काम डोळ्यांत भरत नाही त्याच्याकडे बोट जाते. रोज त्याचे काम जवळून पाहणाऱ्याचेसुद्धा. पुढच्या वर्षी रोममधल्या अंतिम सामन्यात पार्क सुरुवातीपासून खेळला आणि चॅम्पियन्स लीगच्या अंतिम लढतीत उतरणारा पहिला आशियाई ठरला.

दुसरा आक्षेप रोमचा आणि वेम्बलीचा. २००९ आणि २०११ असे दोन अंतिम सामने पार्क खेळला आणि बार्सिलोनाने दोन्ही जिंकले, २-० आणि ३-१. झावी, इनिएस्ता, मेस्सी यांच्यापुढे जागा अडवण्याची कला कुठे गेली? हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. चार-पाच खेळाडू एकाच वेळी जागा बदलत चेंडू फिरवू लागले की एकट्याने रेषा अडवून काही साधत नाही. तिथे अख्खा संघ तसा विचार करणारा लागतो आणि युनायटेड त्या दोन्ही रात्री तसा नव्हता. उरलेल्या निम्म्याचे उत्तर पुन्हा फर्ग्युसन यांच्याकडूनच मिळते. वेम्बलीवर मध्यंतरानंतर पार्कला मेस्सीवर सोडायला हवे होते, ती आपली चूक झाली, असे त्यांनी नंतर सांगितले. तसे केले असते तर निकाल बदलला असता का, यावर पैज लावायला मी तयार नाही. पण पराभवाची उजळणी करताना इतक्या अनुभवी मॅनेजरला हुकलेली चाल म्हणून पार्कच आठवावा, याची दखल घ्यायला हवी.

तिसरा आक्षेप क्वीन्स पार्क रेंजर्सचा. २०१२ मध्ये पार्क लंडनच्या या क्लबात कर्णधार म्हणून गेला, तो हंगाम धुळीला मिळाला आणि संघ तळाशी राहून खालच्या विभागात उतरला. म्हणजे तो चांगल्या संघातच चांगला दिसायचा? होय, बऱ्याच अंशी तसेच आहे, आणि ते नाकारण्यात काही हशील नाही. एक तर तोवर गुडघे निकामी होत आले होते. २००७ मधल्या मोठ्या शस्त्रक्रियेने त्याचे कित्येक महिने खाल्ले होते आणि २०१४ मध्ये त्याने खेळ सोडला तोही गुडघ्यांमुळेच. पण गुडघे शाबूत असते तरी चित्र फार पालटले नसते. जागा पाहून खेळणाऱ्याचे मोल आजूबाजूचे खेळाडूही जागेवर असतील तरच निघते. त्याने वाट अडवून चेंडू कडेला ढकलला आणि तिथे तो हिसकावणारा कुणी नसेल, तर त्याची मेहनत पाण्यात. आघाडीपटू वाईट संघातही एखादा गोल एकट्याने करू शकतो, पार्क करू शकत नव्हता. ही त्याची मर्यादा आहे. फक्त तिला अक्कल नसण्याचा पुरावा मानू नये.

राहिला सगळ्यांत हलका आक्षेप, पण त्याच्या पोटात बरेच काही दडले आहे. पार्कला घेतले ते आशियात शर्ट विकायला, असे २००५ मध्ये बरेच जण बोलत होते. युनायटेडने कोरियाच्या बाजारपेठेचा फायदा घेतला हे उघडच आहे. २००७ आणि २००९ मध्ये संघ सोलला जाऊन खेळून आला. पण युनायटेडने घेण्याच्या आदल्या हंगामात पार्क आइंडहोव्हनच्या पीएसव्हीकडून चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी खेळला होता आणि परतीच्या सामन्यात त्याने मिलानविरुद्ध गोलही केला होता. त्याच पीएसव्हीत सुरुवातीला घरचेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवत. ती इतकी, की प्रशिक्षक गुस हिडिंक यांना काही काळ त्याला बाहेरच्या मैदानांवर खेळवणेच बरे वाटले. शर्ट विकणारा हा शिक्का पुसला गेला, तो मेहनती हा शिक्का बसल्यावर. एका साच्यातून काढून दुसऱ्या साच्यात घातले, एवढेच. युरोपात आशियाई खेळाडूकडे दम असतो, शिस्त असते, सांगितलेले काम तो मुकाट्याने करतो, हे गृहीतच धरलेले असते. पिर्लोने आत्मचरित्रात त्या २०१० च्या लढतीची आठवण काढली आहे. त्यात पार्कच्या निष्ठेचे कौतुक आहे, पण उपमा मात्र धन्याने अंगावर सोडलेल्या राखणीच्या कुत्र्याची. युनायटेडच्या चाहत्यांनी त्याच्यावर रचलेल्या गाण्यातही कोरियन लोक कुत्र्याचे मांस खातात हा टोमणा होता, आणि ते गाणे प्रेमानेच गायले जात होते. खेळत असताना पार्कने ते सहन केले. २०२१ मध्ये वोल्व्हरहॅम्प्टनने कोरियाच्या ह्वांग ही-चानला घेतले आणि युनायटेडच्या चाहत्यांनी ते पुन्हा म्हटले, तेव्हा मात्र पार्कने जाहीरपणे ते थांबवण्याची विनंती केली. क्लबनेही त्याला पाठिंबा दिला. चाहते दुष्ट होते असे मला म्हणायचे नाही. पण ज्याला आपण डोके नसलेला प्रामाणिक सेवक ठरवून टाकतो, त्याला काय टोचत असेल याचा विचार आपल्या मनाला शिवत नाही.

त्याच्या पायांत कसब नव्हते, हा या साच्याचाच पुढचा भाग. १४ जून २००२ ला इंचॉनमध्ये पोर्तुगालविरुद्ध त्याने केलेला विश्वचषकातला गोल पाहा. चेंडू छातीवर घेतला, उजव्या पायाने बचाव करणाऱ्याच्या डोक्यावरून उचलला आणि जमिनीला टेकण्याआधी डाव्या पायाने आत मारला. त्या एकमेव गोलावर कोरिया बाद फेरीत गेला आणि पुढे चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. २००६ मध्ये फ्रान्सविरुद्ध आणि २०१० मध्ये ग्रीसविरुद्धही त्याने गोल केले, म्हणजे लागोपाठ तीन विश्वचषकांत. युनायटेडमध्ये रोनाल्डो, रूनी, गिग्ज असताना हे कसब रोज दाखवण्याची गरज नव्हती आणि त्याने ते दाखवण्याचा हट्टही धरला नाही.

पार्क आता पुरेसा नावाजला गेला आहे, मग ही वकिली कशाला, असेही कुणी म्हणेल. नावाजला गेला आहे खरा, पण चुकीच्या कारणासाठी. कोरियातल्या त्या वादात मी त्याला सोनच्या वर ठेवणार नाही. इतके गोल करणाऱ्याचे पारडे जड राहणारच. पण सोनला प्रतिभावंत आणि पार्कला कष्टाळू अशी वाटणी होत असेल, तर ती मला मान्य नाही. मँचेस्टर युनायटेडचे चाहते मुंबई-पुण्यातही कमी नाहीत आणि मध्यरात्री जागून सामने पाहणाऱ्यांना वेगळे सांगायची गरज नाही. तरी एक सुचवतो. मिलानविरुद्धचा तो २०१० चा सामना मिळवून एकदा पूर्ण पाहा, गोलांची फीत नको. पहिली वीस मिनिटे चेंडूकडे दुर्लक्ष करा आणि नजर १३ क्रमांकाच्या शर्टावर ठेवा. तो किती वेळा पळाला हे मोजू नका, किती वेळा जागेवर थांबला ते मोजा.